लिनक्स डेस्कटॉपवरचे इफेक्ट्स: कुठले ठेवावेत, कुठले काढावेत?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवगड तालुक्यात. बाबांच्या आंब्याच्या धंद्याचा सगळा हिशेब घरच्या डेस्कटॉपवर असतो. कुठल्या पार्टीला किती पेट्या गेल्या, डागी किती निघाला, पोच आली का, पैसे आले का, सगळं. मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचं आहे, ग्राफिक्स इंटेलचंच, रॅम ८ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, त्यावर डेस्कटॉप म्हणून केडीई प्लाझ्मा ६.३. हिशेब लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये. एसएसडी बसवल्यापासून वेगाची तक्रार नाही.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला आणि त्याने दिसतील ते सगळे इफेक्ट चालू केले. विंडो ओढली की लवलवायची, बंद केली की तुकडे होऊन उडायची. बाबा वैतागले आणि त्यांनी सगळं बंद करायला लावलं. आता वेगळीच अडचण आहे. मिनिमाइझचं बटण चुकून दाबलं गेलं की विंडो क्षणात नाहीशी होते. बाबांना वाटतं फाइल बंद झाली. ते नवीन कोरी शीट उघडून पुन्हा नोंदी करायला बसतात. परवा एकाच पार्टीचा हिशेब दोन फायलींत सापडला.

म्हणून विचारतो. सत्तरीच्या माणसाला उपयोगी पडतील असे इफेक्ट कुठले? आणि भाचा सुट्टीत येईल तेव्हा त्याचंही मन मोडायचं नाहीये.

कातळशिल्प

एकही नको. संगणक कामासाठी असतो. खाली टास्कबारवर फाइलचं नाव दिसतंच, ते वाचायची सवय लावा. चार दिवसांत लागेल.

सुरंगी

@कातळशिल्प, मला हे पटत नाही. मी वेंगुर्ल्याजवळच्या शाळेत संगणक शिकवते. पाचवीतली मुलं आणि पहिल्यांदा माउस धरणारे पालक यांची गडबड अगदी खाडीकाठ यांच्या बाबांसारखीच होते. डोळ्यांसमोरची वस्तू एकदम नाहीशी झाली तर माणूस ती संपली असंच समजणार. तीच वस्तू सरकत खाली गेलेली दिसली तर तो खाली शोधतो. टास्कबारवर नाव असतं हे खरं, पण तिथे बघायचं हे आधी कळायला हवं ना? ते सांगायचं काम हालचाल करते.

तुकडे होऊन उडणं, आग लागणं यांनी मुलं दोन मिनिटं खूश होतात, पण त्यातून काही कळत नाही. मी इफेक्ट पाहिला की एकच विचारते: यातून विंडो कुठून आली किंवा कुठे गेली ते समजतं का? समजत असेल तर ठेवते.

रातांबा

सुरंगीताईंशी सहमत. आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो, मी प्लाझ्माच वापरतो.

सिस्टीम सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'अ‍ॅनिमेशन' शोधा. तिथे एकूण वेगाची एक सरकपट्टी आहे. ती 'तत्काळ'च्या टोकाला असेल तर खाली कुठलाही इफेक्ट निवडा, डोळ्यांना काही दिसणार नाही. बाबांनी 'सगळं बंद करा' म्हटल्यावर बहुतेक हीच पट्टी टोकाला गेली असेल. आधी ती मधे आणा.

मग तिथेच, नाहीतर 'डेस्कटॉप इफेक्ट्स'मध्ये बघा. मिनिमाइझसाठी दोन पर्याय आहेत, स्क्वॉश आणि मॅजिक लॅम्प. स्क्वॉशमध्ये विंडो आक्रसत जाते, नजर दुसरीकडे असली तर पत्ता लागत नाही. मॅजिक लॅम्पमध्ये ती निमुळती होत टास्कबारवरच्या स्वतःच्या बटणात शिरते, परत उघडली की तिथूनच वर येते. बाबांसाठी हाच घ्या. शेजारी सेटिंगचं चिन्ह आहे, तिथे कालावधी ५०० मिलिसेकंद करून बघा. तरुण माणसाला तो रेंगाळल्यासारखा वाटेल, वडिलांना बरोबर दिसेल.

दुसरा, 'डिम इनॅक्टिव्ह'. ज्या विंडोत काम चालू आहे ती उजळ, बाकीच्या किंचित काळोख्या. कॅल्कच्या दोन शीट्स शेजारी असल्या की आपण कुठे टाइप करतोय ते कळतं. तीव्रता अगदी कमी ठेवा, नाहीतर मागची शीट वाचता येत नाही.

तिसरा तुमच्याकडे आपोआप चालू असेल. माउस जोरात हलवला की बाण मोठा होतो. तो प्लाझ्मा ६.१ पासून, म्हणजे २०२४ च्या जूनपासून आला. बाबांना 'बाण हरवला की माउस हलवा' एवढंच सांगा.

कातळशिल्प

ठीक, पण मूळ रोग मिनिमाइझच्या बटणात आहे. बाबांना ते लागतच नसेल तर बटणच काढून टाका. सिस्टीम सेटिंग्जमध्ये विंडो डेकोरेशन, तिथे टायटलबारवरची बटणं जुळवायचा पर्याय आहे. मिनिमाइझचं बटण ओढून बाहेर टाकलं की विषय संपला. कुठल्याही इफेक्टपेक्षा हे पक्कं.

रातांबा

@कातळशिल्प, उत्तम सूचना. मॅक्झिमाइझ आणि बंदचं बटण यांच्यात अंतर सोडायची सोयही तिथेच आहे, तीही वापरावी.

काजूगर

धाग्याचं नाव वाचून २००७ आठवलं. तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. लिनक्सची उबुंटू ७.१० आली आणि तिच्यात कॉम्पिझ, म्हणजे असले इफेक्ट दाखवणारा विंडो मॅनेजर, आपोआप चालू होतं. त्याआधीच्या भानगडी आठवतात का कुणाला? २००६ च्या सुरुवातीला नोव्हेलने कॉम्पिझ बाहेर आणलं, त्याच वर्षी त्याची फाटाफूट होऊन बेरिल निघालं, आणि २००७ मध्ये दोघं परत एकत्र येऊन कॉम्पिझ फ्युजन झालं. हॉस्टेलवर माझ्या खोलीत क्यूब बघायला रांग लागायची. कंट्रोल आणि आल्ट दाबून माउसने सगळा डेस्कटॉप फिरवायचा, चार बाजूंना चार कामं. विंडोज व्हिस्टाला महागडं कार्ड लागायचं, आणि आमचं इंटेलचं साधं ग्राफिक्स क्यूब फिरवून दाखवायचं.

आणि शिफ्ट-एफ९! पडद्यावर पावसाचे थेंब पडून वर्तुळं उठायची, मागची अक्षरं पाण्यात हलल्यासारखी दिसायची. जुलैत गावी आलो होतो, बाहेर धो धो, आत लॅपटॉपवर पाऊस. आजी म्हणाली, "मशीन पुसून ठेव रे, खराब होईल."

मालवणीमेवा

माका तो पावसाचो डेस्कटॉप व्हयो! भायर काय कमी पडता म्हणान नाय, पण संगणकातलो पाऊस कौलातसून गळणा नाय.

खराच विचारतंय, आज मिळात काय?

काजूगर

मिळतो. लिनक्स मिंटची मते (MATE) आवृत्ती घ्या, तिच्या डेस्कटॉप सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर म्हणून कॉम्पिझ निवडता येतं. मात्र कॉम्पिझ एक्स-११ वरच, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवायच्या जुन्या यंत्रणेवरच चालतं, वेलँड या नव्या यंत्रणेवर नाही. रातांबा, विंडो लवलवते ती नेमकी कशी? तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

रातांबा

फार सुंदर कल्पना आहे ती. कंपोझिटर चालू असला की कुठलाही प्रोग्रॅम थेट पडद्यावर चित्र काढत नाही. प्रत्येक विंडोचं चित्र बाजूला मेमरीत तयार होतं आणि कंपोझिटर ती सगळी चित्रं ग्राफिक्स चिपकडून एकावर एक लावून घेतो. म्हणजे विंडो हे आता एक चित्र आहे, आणि चित्र कशावरही ताणता येतं. सावली, पारदर्शकता, क्यूबची बाजू, सगळं यातूनच निघालं.

कॉम्पिझच्या लवलवण्यात विंडोवर चार बाय चार बिंदूंची जाळी असते. प्रत्येक बिंदूला वजन आहे आणि शेजारच्या बिंदूंशी तो स्प्रिंगने जोडलेला आहे. तुम्ही माउसने पकडता तो भाग आधी हलतो, बाकीचे बिंदू स्प्रिंगच्या ओढीने मागून येतात. त्या बिंदूंवरून वक्र पृष्ठभाग काढतात आणि त्यावर विंडोचं चित्र ताणतात. म्हणून सेटिंगमध्ये घर्षण आणि स्प्रिंगचा ताठरपणा असे आकडे दिसतात. भौतिकशास्त्राचा तास आहे तो.

केडीईच्या केविन या विंडो मॅनेजरमध्ये असे इफेक्ट २००८ च्या जानेवारीत केडीई ४.० बरोबर आले. क्यूब मधे काही वर्षं काढून टाकला होता, जुना कोड सांभाळणं अवघड झालं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत प्लाझ्मा ६ मध्ये तो नव्याने लिहून परत आणला. @खाडीकाठ, भाच्यासाठी हे लक्षात ठेवा: आभासी डेस्कटॉप चार करा, इफेक्ट्समध्ये क्यूब चालू करा, मग मेटा म्हणजे विंडोजच्या खुणेची कळ आणि सी. यादीत दिसला नाही तर प्लाझ्माच्या अ‍ॅडऑन्सचं पॅकेज बसवा.

सुरंगी

हा लवलवण्याचा परिच्छेद मी नववीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. स्प्रिंगचा धडा त्यांना नुकताच शिकवलाय.

दर्यावर्दी

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर इन्व्हर्टरवर. अशा वेळी आल्ट-शिफ्ट-एफ१२ दाबा, केडीईचे सगळे इफेक्ट एकदम बंद होतात, बॅटरी वाचते. परत दाबलं की चालू. सगळ्यांनी पाठ करून ठेवावं.

रातांबा

@दर्यावर्दी, ही कळ एक्स-११ च्या सेशनमध्ये चालते. खाडीकाठ यांच्या डेबियन १३ वर प्लाझ्मा वेलँडमध्ये सुरू होतो, आणि वेलँडमध्ये कंपोझिटर हाच पडदा चालवतो, तो बंद करता येत नाही. तिथे एकेक इफेक्ट काढावा लागतो.

बॅटरीपुरतं बोलायचं तर मॅजिक लॅम्पसारखा इफेक्ट अर्धा सेकंद चालतो आणि थांबतो, त्याचा खर्च नगण्य. सतत खर्च होतो तो अंधुक पार्श्वभूमीचा, म्हणजे ब्लरचा. मागे व्हिडिओ चालू असेल तर पुढची पारदर्शक विंडो दर फ्रेमला नव्याने पुसट करावी लागते. काढायचं तर आधी ते काढा. आणि पडद्याचा उजेड कमी करा, त्याने सगळ्यांत जास्त फरक पडतो.

वाशिष्ठी

चिपळूणला माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, पावत्या, बॅनर. पारदर्शकतेबद्दल थोडं बोलते, कारण हा विषय आला की इंग्रजी मजकुराचे स्क्रीनशॉट बघूनच सगळे ठरवतात.

देवनागरीत शिरोरेषा असते, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. मजकुरामागे पारदर्शक पार्श्वभूमी आणि तिच्यामागे आंब्याच्या बागेचा फोटो असला की सगळ्यांत आधी अनुस्वार हरवतो. 'पेटी' आणि 'पेटीं'मधला फरक दिसत नाही. इंग्रजीत आयवरचा टिंब हरवला तरी शब्द कळतो, आपल्याकडे अर्थ बदलतो. माझ्याकडे एका पावतीचं प्रूफ तपासताना हे घडता घडता राहिलं, तेव्हापासून मजकूर असलेली कुठलीही विंडो शंभर टक्के अपारदर्शक. पॅनेल थोडं पारदर्शक चालतं.

टायटलबारची थीम निवडतानाही बघा. काही थीममध्ये पट्टी इतकी अरुंद असते की मराठी फाइलनावातले उकार खालून कापले जातात. 'मुंबई_पुणे_पेट्या' असं नाव देऊन तपासायचं. पुरेशी उंची नसेल तर थीम कितीही देखणी असो, सोडून द्यायची.

बंदरावरचा

वाशिष्ठीताई, हे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, तर फारच जाणवतं. मी रत्नागिरीत डिप्लोमा करतोय, हायपरलँड हा वेलँडवरचा कंपोझिटर वापरतो. विंडो कशी यावी, कशी जावी, वेग आधी जास्त मग कमी की उलट, ते वक्र स्वतः आकडे लिहून ठरवायचं. फाइल सेव्ह केली की लगेच बदल दिसतो. सगळे म्हणतात म्हणून अ‍ॅलाक्रिटी टर्मिनल घेतलं, पण त्यात मराठीची जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. मराठी फाइलनावं असतील तर केडीईचा कॉन्सोल टर्मिनल बरा.

@काजूगर, कॉम्पिझची मजा वेलँडवर हवी असेल तर वेफायर हा कंपोझिटर बघा. लवलवणं, क्यूब, आगीत जळत बंद होणारी विंडो, सगळं आहे. रास्पबेरी पायच्या ओएसमध्येही २०२३ च्या ऑक्टोबरपासून वर्षभर वेफायरच होतं, मग ते लॅबडब्ल्यूसी या दुसऱ्या कंपोझिटरवर गेले.

पोफळीबाग

एक बाजू कुणी मांडलेली नाही. मला चक्कर येण्याचा त्रास आहे, कानाच्या आतल्या दोषामुळे. घाटातल्या गाडीत होतं तसं मला क्यूब फिरताना होतं. पूर्ण पडदा सरकणं, झूम होत जाणं, हे सगळं मला नको असतं. माझ्याकडे प्लाझ्माऐवजी ग्नोम हा डेस्कटॉप आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत अ‍ॅनिमेशन कमी करायचं बटण आहे, एवढं एक दाबलं की पुरे. फायरफॉक्सही ते ओळखतं आणि ज्या संकेतस्थळांनी सोय केली आहे तिथली हालचालही थांबते.

त्यामुळे सुरंगीताईंचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यात एक भर. हालचाल छोटी आणि एका जागची असावी. विंडो टास्कबारात शिरणं मला चालतं. सगळी क्षितिजरेषाच फिरवू नका. वयस्कर माणसांत हा त्रास बराच आढळतो, बाबांना एकदा विचारून घ्या.

सुरंगी

@पोफळीबाग, फार महत्त्वाचं लिहिलंत. प्रोजेक्टरवर शिकवताना मी पडदा मोठा करते तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे मिटून घ्यायची, त्याचं कारण आता लक्षात येतंय. उद्या तिच्याशी बोलते.

आमच्या लॅबमध्ये एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. मशीन्स खूप जुनी. दोनतीन मशीन्सवर कंपोझिटर चालू केला की माउसही अडखळायचा. तपासलं तर रेंडररच्या जागी एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं होतं, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर लागलेलाच नव्हता आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढत होता. कुणाचे इफेक्ट अडखळत असतील तर सेटिंग्ज चाळण्याआधी हे बघा. त्या मशीन्सवर विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटर बंद केला. पण माझ्या शिकवायच्या मशीनवर तो चालूच आहे, कारण आल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की पडदा मोठा होतो, आणि कंपोझिटर बंद असला की ती सोय जाते. @कातळशिल्प, 'एकही नको' म्हणताना हेही त्यातच जातं, बरं का.

कातळशिल्प

मोठं करून दाखवणं ही सोय आहे, सजावट नव्हे. त्याला माझा विरोध नाही. माझ्या यादीतून वगळतो.

रातांबा

ताई, शाळेत एखादं प्लाझ्माचं मशीन आलं तर 'माउस मार्क' चालू करा. शिफ्ट आणि मेटा धरून माउस फिरवला की पडद्यावर कुठल्याही विंडोवरून रेघ ओढता येते, फळ्यावर गोल करावा तसा 'इथे बघा' म्हणून गोल करायचा. शिफ्ट-मेटा-एफ११ ने पुसायचं.

मालवणीमेवा

खाडीकाठ, देवगडात मोहोर कसो आसा ह्या वर्षी? इफेक्ट चालतत रवतले.

खाडीकाठ

@मालवणीमेवा, मोहोर वेळेवर आला, दुसरी फवारणी झाली. मधे ढगाळ होतं म्हणून बाबा काळजीत होते, आता थंडी परतली आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून केलं ते सांगतो.

रातांबा म्हणाले तेच निघालं, वेगाची पट्टी 'तत्काळ'वर होती. मधे आणली, मॅजिक लॅम्प लावला. बाबांना काही न सांगता कॅल्कची शीट मिनिमाइझ केली. त्यांची नजर विंडोबरोबर खाली गेली, बोट पडद्याच्या तळाला लावून म्हणाले, "ही इकडे गेली." मग स्वतःच तिथे क्लिक करून वर आणली आणि परत खाली पाठवली. ५०० पेक्षा थोडा कमी कालावधी त्यांना बरा वाटला, ४०० वर ठेवलाय. मिनिमाइझचं बटण काढू का विचारलं, तर "राहू दे, आता कळतंय" म्हणाले. बंदच्या बटणाआधी अंतर मात्र सोडलं.

डिम इनॅक्टिव्ह आवडला नाही, "मागचा कागद मळका दिसतो" असं म्हणाले. काढला. वाशिष्ठीताईंचं वाचून पारदर्शकता सगळीकडची काढली. चक्करचंही विचारलं. बसमध्ये त्रास होतो म्हणाले, म्हणून डेस्कटॉप बदलताना पूर्ण पडदा सरकतो तेही बंद केलं.

भाच्याचा प्रश्न राहिला. लॉगइनच्या पडद्यावर त्याचं वेगळं खातं काढलं तर त्याचे इफेक्ट बाबांच्या खात्यात येणार नाहीत ना? तेवढं नक्की सांगा.

रातांबा

नाही येणार. या सेटिंग्ज प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये, आतल्या कॉन्फिग फोल्डरमधल्या केविनआरसी फाइलमध्ये राहतात. वेगाची पट्टी केडीईग्लोबल्स या फाइलमध्ये. त्याचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचे अधिकार देऊ नका. मग तो त्याच्या खात्यात विंडो जाळो, फोडो, क्यूब फिरवो, बाबांचा डेस्कटॉप तसाच राहील.

आणि आता बाबांचं जमलंय तर त्या दोन्ही फायलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. कुणी सेटिंग्जमध्ये हात घातला तर बाबांना लॉगआउट करा, दुसऱ्या खात्यातून प्रत जागेवर टाका आणि परत लॉगइन करा.

काजूगर

भाच्याला क्यूबच्या चार बाजूंना चार वेगळी वॉलपेपर लावायला मात्र शिकवू नका, नाहीतर मे महिना संपेपर्यंत तो बागेत यायचा नाही.

रातांबा

प्लाझ्मा ६.३ मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर देता येत नाही, त्यामुळे ती भीती नाही. वेगळं काही हवं असेल तर 'अ‍ॅक्टिव्हिटीज' वापराव्या लागतात. त्यावर हवं तर वेगळा धागा काढतो.

बंदरावरचा

काढा. मला हवाय.